मासे, मेथी आणि विरजण

वाचनपाठ (मध्यम पातळी)

वाचण्यापूर्वी

१. तुमच्या घरी दही कसं लावतात? आई-बाबांना किंवा आजीला विचारून या.
२. भांड्यातलं पाणी स्वच्छ आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता?

दोन्ही उत्तरं वहीत एकेका वाक्यात लिहून ठेवा. पाठ संपल्यावर आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

भाग १ : मागच्या दारचा वाफा

मुलांनो, माझं बालपण रायगड जिल्ह्यात, पेणजवळच्या एका गावात गेलं. हा सगळा खारेपाटाचा भाग. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचे आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचा. काही जण तळ्यात जिताडा नावाचा मासा पाळायचे. त्यामुळे शेती आणि मासे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

घरी मासे आले की आई मागच्या दारी बसून ते साफ करायची. मासे धुतलेलं पाणी ती कधीच मोरीत ओतत नसे. ते जायचं मिरचीच्या आणि अळूच्या वाफ्यात. "वाया कशाला घालवायचं? झाडाचं जेवण आहे ते," असं ती म्हणायची. आमच्या मिरच्या खरंच जोरात यायच्या.

पुढे शाळेत मी "नायट्रोजनचं चक्र" शिकलो. आकृती काढली, नावं पाठ केली, पाचपैकी पाच गुण मिळवले. पण ते चक्र आणि आईचा मिरचीचा वाफा म्हणजे एकच गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला आणखी पंचवीस वर्षं लागली. तेही बर्लिनमध्ये. आणि त्यासाठी दोन माशांचा जीव गेला.

भाग २ : घाई

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या शाळेत प्रोयेक्टवोखं, म्हणजे प्रकल्प सप्ताह होता. विषय होता "शहरातली शेती". तिने ठरवलं, आपण ॲक्वापोनिक्स करून दाखवायचं.

हा शब्द दोन शब्दांच्या जोडणीतून झाला आहे. ॲक्वाकल्चर म्हणजे मत्स्यपालन. हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, पाण्यात केलेली शेती. दोन्ही एकत्र केलं की ॲक्वापोनिक्स. खाली टाकीत मासे. वर एका पसरट खोक्यात खडी आणि खडीत रोपं. छोटा पंप माशांचं पाणी वर चढवतो. ते खडीतून झिरपतं आणि परत खाली टाकीत पडतं. माशांच्या घाणीतून झाडांना खत मिळतं आणि झाडं माशांचं पाणी साफ करतात. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

प्रकल्पाला दोनच आठवडे उरले होते. म्हणून आम्ही शनिवारी सगळं एकदमच आणलं. १२० लिटरची टाकी, पंप, हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र, आणि बाऊमार्क्टमधून ब्लेहटोनच्या पिशव्या. ब्लेहटोन म्हणजे भट्टीत फुगवलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या. खडीपेक्षा त्या उचलायला सोप्या. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे टाकीतल्या पाण्याचंच वजन १२० किलो झालं. म्हणून टाकी बाल्कनीत न ठेवता आत, भक्कम भिंतीला लागून ठेवली. संध्याकाळी चार छोटे गोल्डफिशही आणले.

मुलगी रोज खायला घालायची. मी रोज साफसफाई करायचो. मातीच्या गोळ्यांवर जरा बुळबुळीत थर दिसला की मी त्या बाहेर काढून कढत पाण्याने धुवायचो. टाकीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं. मला माझाच अभिमान वाटत होता.

पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. सहाव्या दिवशी सकाळी एक मासा मेला. सातव्या दिवशी दुसरा.

मुलगी रडली नाही. ती रागावली. म्हणाली, "बाबा, आपण पाणी तर स्वच्छ ठेवलं होतं ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाग ३ : नितळ म्हणजे स्वच्छ नव्हे

आमच्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत. त्यांच्या घरी कित्येक वर्षांपासून माशांची मोठी टाकी आहे. मी त्यांना फोन केला. ते त्याच संध्याकाळी आले आणि येताना पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्या घेऊन आले. एक पट्टी बुडवली, रंग बघितला आणि म्हणाले, "पाणी नितळ आहे. पण त्यात काम करणारं कोणीच नाही."

त्यांनी जे समजावलं ते असं.

मासा अन्न खातो. त्यातून त्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो. तो बराचसा कल्ल्यांतून पाण्यात बाहेर पडतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी ते विष आहे. पाण्याचा सामू जास्त असेल तर हे विष आणखी जहाल होतं. बर्लिनचं पाणी जड आहे. तुमच्या चहाच्या किटलीत पांढरा थर जमतो, तो त्यातल्या क्षारांचा. अशा पाण्याचा सामू सहसा सातच्या वर असतो.

मग तळ्यातले मासे का मरत नाहीत? कारण तिथे जिवाणू असतात. एका प्रकारचे जिवाणू, उदाहरणार्थ नायट्रोसोमोनास, अमोनियापासून नायट्राइट बनवतात. नायट्राइटही विषारीच. त्यामुळे माशाचं रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू, उदाहरणार्थ नायट्रोस्पिरा, नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना ते हवंच असतं. या सगळ्या कामाला नायट्रीकरण म्हणतात.

म्हणजे ॲक्वापोनिक्समध्ये मासे आणि झाडं असे दोघं नसतात. तिघं असतात. तिसरा दिसत नाही, एवढंच. हे जिवाणू दगडांवर, पाइपांत, मातीच्या गोळ्यांवर थर करून राहतात.

आणि मी काय करत होतो? त्या थराला घाण समजून रोज कढत पाण्याने धुऊन काढत होतो!

भाग ४ : विरजण

उरलेले दोन मासे त्या काकांनी आपल्या टाकीत नेले. आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी टाकीत मासे नव्हते. आम्ही रोज माशांच्या खाद्याची फक्त एक चिमूट पाण्यात टाकायचो. ते खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं.

काकांनी आपल्या जुन्या टाकीतल्या गाळणीच्या स्पंजाचा एक तुकडाही आणून दिला. मळकट, तपकिरी. मुलीने नाक मुरडलं. मी म्हटलं, "अगं, हे विरजण आहे!"

दही लावताना आपण कोमट दुधात चमचाभर जुनं दही घालतो. त्या चमच्यात असंख्य जिवाणू असतात. ते दुधात वाढतात आणि दही लागतं. दूध उकळतं असेल तर विरजण मरतं. हवा गार असेल तर दही लागायला वेळ लागतो. आणि झाकण उघडून सारखं ढवळत बसलं तर दही लागतच नाही. आमच्या टाकीचं अगदी तसंच होतं. असा स्पंज मिळाला नाही तर खोलीच्या तापमानाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मिळाला तर थोडे कमी.

आता मला आईचा वाफा समजला. मासे धुतलेल्या पाण्यात रक्त असतं, खवले असतात. मातीत आधीपासूनच कोट्यवधी जिवाणू राहतात. ते या सगळ्याचं विघटन करून नायट्रेट बनवतात आणि मिरचीला वाढतात. आईला विरजण घालावं लागलं नाही, कारण तिच्या मातीला ते कधीचंच लागलेलं होतं.

पण प्रकल्प सप्ताहाचं काय? दुसरा प्रयत्न सुरू होऊन सहाच दिवस झाले होते. टाकी रिकामी. मेथीचे दाणे नुकतेच पेरलेले. मुलीने आदल्या रात्री विचारलं, "बाबा, मासे मेले हे सांगायलाच हवं का?"

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा बंद पडली की नंतर सगळे एकत्र बसून काय बिघडलं, केव्हा आणि का, ते लिहून काढतात. कोणाला ओरडण्यासाठी नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून. मी तिला एवढंच सांगितलं. ठरवायचं तिच्यावर सोडलं.

तिने सांगितलं. वर्गासमोर रिकाम्या टाकीचा फोटो दाखवला आणि म्हणाली की आमचे दोन मासे आमच्या घाईमुळे मेले. मग अमोनियाचा तक्ता दाखवला. तो अर्धाच भरलेला होता. बाईंनी विचारलं, "उरलेला तक्ता कधी दाखवशील?"

तो तक्ता असा भरत गेला.

पाचवा दिवस : अमोनिया वाढलेला. नायट्राइट नाही.
चौदावा दिवस : अमोनिया उतरायला लागला. नायट्राइट भरपूर.
चोविसावा दिवस : अमोनिया शून्य. नायट्राइट कमी. नायट्रेट दिसायला लागलं.
एकतिसावा दिवस : अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट वाढलेलं.

बत्तिसाव्या दिवशी दोन्ही मासे घरी परत आले.

भाग ५ : मोठ्या माणसांचे मोठे प्रयोग

आपण केलं ते खेळण्याएवढं. पण बर्लिनमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावरही झालं आहे. शहराच्या पूर्वेला म्युगेलझे नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठी आयजीबी ही गोड्या पाण्याचा आणि माशांचा अभ्यास करणारी संशोधन संस्था आहे. तिथे वेर्नर क्लोआस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "टोमाटेनफिश", म्हणजे टोमॅटो-मासा नावाचा प्रकल्प केला. एकाच काचगृहात तिलापिया मासे आणि टोमॅटो.

त्यांच्यासमोर एक अडचण होती. माशांना आणि जिवाणूंना सामू सातच्या आसपास किंवा थोडा वर लागतो. टोमॅटोला त्याहून कमी. एकाच पाण्यात दोघांना खूश ठेवायचं तर दोघंही थोडे नाराज राहतात. म्हणून त्यांनी पाण्याची दोन चक्रं वेगळी केली. माशांचं पाणी एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपेतून टोमॅटोकडे जातं, परत येत नाही. मग माशांचं पाणी कमी होत नाही का? नाही. टोमॅटोच्या पानांतून वाफ बाहेर पडते. ती वाफ थंड पृष्ठभागावर धरून तिचं पाणी करतात आणि ते माशांना परत देतात. माशांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइडसुद्धा टोमॅटोला उपयोगी पडतो.

बर्लिनमध्येच माल्त्सफाब्रिक नावाच्या जुन्या कारखान्याच्या आवारात ईसीएफ कंपनीने सुमारे १,८०० चौरस मीटरचं शेत उभारलं. तिथले मासे आणि नंतर तुळशीच्या कुळातली बाझिलिकुम ही वनस्पती शहरातच विकली गेली. मासे "हाउप्टश्टाटबार्श", म्हणजे "राजधानीचा मासा" या नावाने विकायचे. २०२१ मध्ये वीसबाडेन शहरात रेवे या दुकानाच्या छपरावर असंच शेत सुरू झालं.

कल्पना मात्र जुनी आहे. चीनमधल्या चिंगत्यान भागात भाताच्या शेतात मासे पाळायची पद्धत शेकडो वर्षांची आहे. गोव्याच्या खाजन जमिनींत पावसाळ्यात भात घेतात आणि नंतर मासे-कोळंबी. खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायला तिथे "मानस" नावाचे दरवाजे असतात.

भाग ६ : आजीचा हिशोब

आता आमच्या टाकीतून भाजी किती निघाली ते सांगतो. पालेभाजीसाठी एक ढोबळ हिशोब असतो. एक चौरस मीटर भाजीला रोज सुमारे ४० ते ५० ग्रॅम खाद्य खाणारे मासे लागतात. आमचे दोन मासे दिवसाला सव्वा ग्रॅम खायचे. सव्वा म्हणजे एक आणि पाव. चाळीसने भागून बघा. उत्तर येतं अर्ध्या ए-फोर कागदाएवढी जागा!

आम्ही त्याहून जरा जास्त जागेत मेथी पेरली होती. काही दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. ही लोहाची कमतरता. माशांच्या खाद्यात झाडांना पुरेल एवढं लोह नसतं, म्हणून ते वेगळं घालावं लागतं. घातल्यावर नवी पानं हिरवी आली. मातीच्या गोळ्यांतून वर आलेली ती बुटकी मेथी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या समुद्रमेथीसारखी दिसत होती.

मेथी खुडली त्या रविवारी आम्ही पेणला व्हिडिओ कॉल लावला. नातीने आजीला टाकी दाखवली. आजीने पहिला प्रश्न विचारला, "माशांचं कालवण कधी?"

"आजी! हे गोल्डफिश आहेत! आणि इथे माहिती नसताना कोणी मासा मारू शकत नाही, तसा कायदा आहे."

"बरं बाई. मग मेथी किती जुड्या?"

"अर्धी."

आजी बराच वेळ हसली. मग म्हणाली, "सहा आठवडे, पंप, लाइट... आणि अर्धी जुडी? माझा वाफा बरा!"

त्या अर्ध्या जुडीचं आम्ही मेथीचं वरण केलं. तिघांना एकेक वाटी आलं.

परवा मी सिंकपाशी बांगडे साफ करत होतो. धुतलेलं पाणी ओतणार, एवढ्यात मागून आवाज आला, "बाबा, थांब! मोरीत नको!" मुलगी ते पातेलं घेऊन बाल्कनीतल्या मिरचीकडे गेली.

शब्दार्थ

खारेपाट – खाडीकाठची, बांध घालून वाचवलेली शेतजमीन
वाफा – रोपं लावायला केलेला जमिनीचा छोटा चौकोन
मोरी – घरात भांडी धुण्याची जागा
नितळ – आरपार दिसेल असं
कल्ले – माशाचा श्वास घेण्याचा अवयव
सामू – पाणी आम्ल आहे की आम्लारी, हे सांगणारा आकडा. सात म्हणजे मध्यम
विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालायचं थोडं जुनं दही
झडप – पाणी अडवणारं किंवा सोडणारं छोटं दार
कालवण – पातळ रश्श्याची आमटी, बहुतेक वेळा माशांची
जुडी – एकत्र बांधलेली पालेभाजी

वाक्प्रचार : अर्थ समजून वाक्यात वापरा

नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
डोक्यात शिरणे – नीट समजणे
वाया घालवणे – उपयोग न करता फेकून देणे

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. लेखकाची आई मासे धुतलेलं पाणी कुठे ओतायची?
२. टाकी बाल्कनीत का ठेवली नाही?
३. दुसऱ्या प्रयत्नात मासे नसताना टाकीत खाद्य का टाकलं?

आ) योग्य क्रम लावा.
नायट्रेट – मासा खाद्य खातो – नायट्राइट – झाड वाढतं – अमोनिया

इ) तीन-चार वाक्यांत लिहा.
१. "पाणी नितळ आहे, पण त्यात काम करणारं कोणीच नाही," या वाक्याचा अर्थ काय?
२. टोमॅटो आणि मासे यांच्या पाण्याची दोन चक्रं वेगळी का केली?

ई) गणित.
१० वॅटचा पंप २४ तास चालू राहिला तर रोज किती वीज लागेल? वर्षभरात किती? घरच्या वीजबिलावरचा दर बघा आणि खर्च काढा. अर्ध्या जुडीला तो परवडतो का?

उ) बोला.
१. मुलीने वर्गात खरं सांगितलं. तुम्ही काय केलं असतं?
२. पाळलेला मासा खावा का? आजीच्या बाजूने दोन वाक्यं बोला. मग नातीच्या बाजूने दोन वाक्यं बोला.

ऊ) घरी करून बघा.
दोन वाट्यांत सारखंच कोमट दूध घ्या. दोन्हींत सारखंच विरजण घाला. एक वाटी उबदार जागी ठेवा, दुसरी फ्रीजमध्ये. दर दोन तासांनी बघा, पण ढवळू नका! काय दिसलं ते वेळेसकट वहीत लिहा. दही लागलं नाही तर तेही लिहा. का लागलं नसेल, ते पुढच्या तासाला आपण मिळून शोधू.

आणि हो, सुरुवातीला लिहिलेली दोन उत्तरं आता पुन्हा वाचा. दुसरं उत्तर बदलावंसं वाटतंय का?